मेदाचा सांगावा : दगडीची सूज आणि वेदनाशामक इंजेक्शन

बांधावरचे गवत कापले की जो हिरवा, किंचित उग्र वास सुटतो तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हा वास गवतात आधीपासून साठवलेला नसतो. विळ्याने पेशी फाटली की तिच्या पटलातील मेदापासून लिनोलेनिक आम्ल मोकळे होते, लायपॉक्सिजनेज नावाचे विकर त्यावर क्रिया करते आणि काही सेकंदांतच हे वासाचे पदार्थ तयार होतात. त्याच आम्लापासून दुसऱ्या वाटेने जास्मोनिक आम्ल बनते. त्याचे एक रूप १९६२ साली चमेलीच्या तेलातून वेगळे करण्यात आले, म्हणून हे नाव. भाताचे पान अळीने कुरतडले की पानात हे आम्ल वाढते आणि किडीला पचण्यास अवघड जातील अशी प्रथिने रोप तयार करू लागते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचा पनवेल-३ असो किंवा आपल्या खाचरातील दुसरा कोणताही वाण असो, जखमेचा सांगावा मेदातूनच निघतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पीकशास्त्राच्या अध्यापकाने गोठ्याविषयी का लिहावे, असे आपणास वाटेल. कारण असे की, भाताच्या पानात जे घडते त्याच्याच जातीचा प्रकार आपल्या म्हशीच्या कासेत घडतो. फरक एवढाच की भाताला धावून जाणाऱ्या पेशी नाहीत, प्रत्येक पेशी आपले रक्षण आपणच करते. जनावराच्या रक्तात मात्र पांढऱ्या पेशींची फौज असते आणि तिला कोठे जायचे, काय करायचे व केव्हा थांबायचे हे मोठ्या प्रमाणात मेदापासून बनलेले पदार्थ सांगतात. दगडीत, म्हणजे कासदाहात, आपण जे वेदनाशामक इंजेक्शन देतो ते जंतूवर काहीच काम करीत नाही. ते हा सांगावा तोडते. ही एक गोष्ट नीट समजली तर औषधाचा खर्च, जनावराची कास आणि आणखीही काही वाचेल.

कासेत काय घडते

दूध काढल्यानंतर सडाचे छिद्र साधारण अर्धा तास सैल राहते. पावसाळ्यात आपल्याकडे गोठ्याची जमीन सतत ओली असते. अशा वेळी म्हैस लगेच खाली बसली की शेणातील जंतूंना वाट मोकळी मिळते. आत मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. शेणातील ई. कोलाय जंतूच्या बाहेरच्या आवरणात मेद आणि साखर मिळून बनलेला एक पदार्थ असतो. पहारेकरी पेशी त्यातील नेमका मेदाचा भाग ओळखते. म्हणजे शत्रूची पहिली ओळखही मेदावरूनच पटते.

ओळख पटली की पेशीच्या पटलात हालचाल सुरू होते. पेशीचे पटल म्हणजे नुसते कुंपण आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ती कोठीही आहे. पटलातील एका मेदाचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पटलातच राहून तेथील प्रथिनांना कामाला लावतो. दुसरा पाण्यात विरघळणारा असल्याने पेशीच्या आत जातो आणि साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो. कॅल्शियम वाढले की फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर पटलाला चिकटते आणि त्यातून २० कार्बनचे ॲराकिडॉनिक आम्ल कापून काढते. येथून पुढे दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेवर सायक्लोऑक्सिजनेज हे विकर असते. ते या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन तयार करते. त्यांपैकी प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे कासेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, कास गरम व लाल होते, हात लावू दिला जात नाही, आणि मेंदूतील तापमान राखणाऱ्या भागात हाच पदार्थ ताप चढवतो. दुसऱ्या वाटेवर लायपॉक्सिजनेज असते, म्हणजे कापलेल्या गवताच्या वासात आपण ज्याला भेटलो त्याच कुळातले विकर. त्याच्या वाटेने ल्युकोट्राइन बी-४ बनते. हा पदार्थ म्हणजे न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशींना दिलेली हाक होय. जिकडून हाक तीव्र येते तिकडे त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून सरकू लागतात. विशेष असे की, आलेल्या पेशी स्वतःही हेच द्रव्य सोडतात. रानात डुक्कर शिरले की एका बांधावरची आरोळी ऐकून पुढच्या बांधावरचा माणूस आरोळी देतो, तसाच हा प्रकार आहे.

हा सांगावा दवंडीसारखा साऱ्या शरीरभर फिरत नाही. प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्तातून फुप्फुसात गेले की एकाच फेरीत त्याचा बहुतेक भाग नष्ट होतो. जेथे बनला तेथेच त्याने काम करायचे आणि संपायचे, अशी ही रचना आहे.

न्यूट्रोफिल कासेत पोहोचले तरी तेथे त्यांची एक अडचण होते. दुधात लोण्याचे बारीक गोळे आणि केसीन भरपूर असते. या पेशी जंतूंबरोबर तेही गिळतात आणि पोट भरलेल्या गड्याप्रमाणे मंद होतात. म्हणून कासेत त्या फार मोठ्या संख्येने याव्या लागतात. निरोगी कासेच्या एक मिलीलिटर दुधात सर्व मिळून साधारण दोन लाखांच्या आत पेशी असतात. दगडीत हा आकडा कित्येक दशलक्षांवर जातो.

या पेशींच्या पटलात मेद असतो, यावरच एक सोपी घरगुती परीक्षा आधारलेली आहे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवावी. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगवेगळ्या पांढऱ्या वाटीत घेऊन तेवढेच द्रावण घालावे आणि वाटी मिनिटभर गोल हलवावी. साबणाने मेद विरघळतो, पेशी फुटतात आणि आतील केंद्रकद्रव्य बाहेर पडून दूध चिकट, जेलीसारखे होते. जेवढ्या पेशी जास्त तेवढा चिकटपणा जास्त. बाहेरून कास चांगली दिसत असताना आत सुरू झालेला आजार यातून कळतो. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या जनावरात दुधातील पेशी मुळातच जास्त असतात. त्यांच्यात ही परीक्षा करू नये.

इंजेक्शन ओळखीचे, नातेही जवळचे

प्रोस्टाग्लँडिन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी वेगळ्याच संदर्भात ऐकले असेल. माज नियंत्रित करण्यासाठी जे इंजेक्शन देतात ते प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा किंवा त्याच्यासारखे द्रव्य असते. हेही त्याच २० कार्बनच्या आम्लाचे अपत्य. गाय गाभण राहिली नाही तर गर्भाशय स्वतःच हा सांगावा अंडाशयाला पाठवते, पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. इंजेक्शनने आपण तेच करतो. मात्र जनावर गाभण असेल तर पीतपिंड विरून गाभ पडतो. म्हणून गर्भतपासणी केल्याशिवाय हे इंजेक्शन कधीही देऊ नये.

आणखी एक सूचना बाटलीवरच्या बारीक अक्षरांत असते, ती कोणी वाचत नाही. हे द्रव्य कातडीतून शरीरात शिरते. गरोदर स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी त्याला हात लावू नये. गोठ्याचे निम्मे काम घरातील स्त्रिया करतात, तेव्हा बाटली व सुई कोठेही टाकून ठेवण्याचा धोका लक्षात घ्यावा. अंगावर सांडल्यास साबणाने लगेच धुवावे.

१९३५ साली स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी या पदार्थाला नाव दिले. १९७१ मध्ये इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. तोपर्यंत ॲस्पिरिन ताप व वेदना कशी कमी करते याचा उलगडा झाला नव्हता, गोळी मात्र पाऊणशे वर्षे विकली जात होती. व्हेन, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

थांबण्याचाही सांगावा असतो

सूज आपोआप विझते असे पूर्वी मानले जात असे. जंतू संपले, हाक थांबली, पेशी परतल्या, एवढाच विचार होता. आता असे आढळून आले आहे की सूज विझवावी लागते आणि तिच्यासाठी स्वतंत्र सांगावा निघतो. १९८४ मध्ये लिपॉक्सिन नावाचे पदार्थ सापडले. हेही ॲराकिडॉनिक आम्लापासूनच बनतात. ते नव्या न्यूट्रोफिलना येण्यापासून रोखतात आणि मॅक्रोफेजना मेलेल्या पेशी उचलून नेण्यास सांगतात. मासळीच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांपासूनही अशाच कामाची द्रव्ये बनतात.

यातील खरी लक्षात घेण्याजोगी बाब पुढे आहे. जे प्रोस्टाग्लँडिन ई-२ सूज आणि ताप आणते, तेच काही तासांनी न्यूट्रोफिलमधील विकरांची मांडणी बदलते. मग त्या पेशी ल्युकोट्राइन बनवणे कमी करून लिपॉक्सिन बनवू लागतात. म्हणजे सुरुवातीची आरोळी देणाराच पुढे परतीची शीळ वाजवण्याची तयारी करून ठेवतो. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी सुजेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सूज वाईट, ती दाबली की आजार गेला, हा हिशेब यापुढे चालणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सूज थांबलीच नाही तर दूध बनवणाऱ्या पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतू भरतात आणि सड कायमचा बसतो. कास दगडासारखी लागते, म्हणून तर दगडी हे नाव. त्या भागातून पुन्हा पूर्वीसारखे दूध मिळत नाही.

मग इंजेक्शन द्यावे की नाही

द्यावे, पण केव्हा आणि कोणते हे ठरवून. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवते. ताप उतरतो, वेदना कमी होते, जनावर वैरणीला तोंड लावते. दगडीत योग्य प्रतिजैविकाबरोबर मेलॉक्सिकॅम दिल्यास दुधातील पेशींची संख्या लवकर खाली येते, असे परदेशातील गोठ्यांवर केलेल्या प्रयोगांत आढळले आहे. चूक होते ती नुसते वेदनाशामक देण्यात. संध्याकाळी ताप पाहिला, घरात उरलेली बाटली काढली, सुई मारली, सकाळी म्हैस खाऊ लागली, म्हणून डॉक्टरांना बोलावणे राहून गेले. दोन दिवसांत कास दगड होते. जंतू होते तेथेच असतात, फक्त त्यांची वर्दी देणारा ताप आपण काढून घेतलेला असतो.

डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधे याच साखळीत आणखी वर घाव घालतात. पटलातून आम्ल सुटणेच कमी झाल्याने दोन्ही वाटा एकदम आटतात. सूज झपाट्याने उतरते खरी, पण न्यूट्रोफिलना जाणारी हाकही बंद पडते. शिवाय गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत या औषधाने जनावर अवेळी विते. गावातील जाणकाराच्या हातून स्टेरॉइड टोचून घेणे हा माझ्या मते निव्वळ जुगार आहे.

म्हणून दगडीची शंका येताच प्रथम थर्मामीटर लावावा. गाईचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. दुखऱ्या सडाचे दूध पूर्ण काढून गोठ्यापासून दूर टाकावे, त्यामुळे जंतू आणि त्यांचे विष दोन्ही कमी होतात. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी त्या सडाचे थोडे दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन तपासणीसाठी द्यावे आणि पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे. दूध पाण्यासारखे पातळ, कान थंड आणि जनावर उठत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. ई. कोलायच्या विषाने एका रात्रीत जनावर दगावू शकते. उपचार चालू असताना आणि त्यानंतर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नये, घरातही वापरू नये.

गिधाडांचा हिशेब

वेदनाशामक निवडताना दुसरा एक हिशेब आहे, तो जनावर मेल्यानंतरचा. गावाबाहेर ढोरे टाकण्याच्या जागी गिधाडे उतरत, हे आज साठीत असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले : डायक्लोफिनॅक. हे औषध दिलेले जनावर लवकर दगावले तर त्याच्या मांसात ते शिल्लक राहते. गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्ल अंगात साचते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शंभर मढ्यांत एखाददुसरे असे असले तरी सारा थवा संपण्यास ते पुरेसे ठरते.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे हे इंजेक्शन एका मात्रेच्या ३ मिलीलिटरच्या बाटलीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनामिक आम्ल ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित आढळली आहेत. ती मिळतात, काम देतात आणि त्यांचा आग्रह धरण्यात शेतकऱ्याचे काहीही नुकसान नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी स्थानिक लोकांनी आणि निसर्गप्रेमींनी सांभाळली आहेत. पनवेलच्या गोठ्यात मेलेली म्हैस कोठल्या पक्ष्याच्या पोटात जाईल हे सांगता येत नाही, कारण गिधाड अन्नासाठी दिवसात कितीतरी मैल उडते.

वैरणीची बाजू

आता माझ्या विषयाकडे वळतो. सांगाव्याची कोठी म्हणजे पेशीचे पटल, आणि ते नाजूक असते. पांढरी पेशी जंतू मारण्यासाठी जी तीव्र प्राणवायूची द्रव्ये सोडते त्यांनी तिच्या स्वतःच्या पटलातील मेदही खवट होऊ लागतो, उघड्या राहिलेल्या तेलासारखा. त्यापासून रक्षण करतात ते जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम. ही दोन्ही कमी पडली की न्यूट्रोफिल हाकेला उशिरा पोहोचतात आणि गिळलेला जंतू मारण्यात कमी पडतात. विण्याच्या सुमारास रक्तातील जीवनसत्त्व ई आपोआप खाली येते. दगडी आणि वार अडकणे या दोन्ही तक्रारी नेमक्या याच दिवसांत का वाढतात, याचे एक कारण यात आहे. वार सुटण्यासाठीही पांढऱ्या पेशींना तेथे यावे लागते.

हिरव्या चाऱ्यात जीवनसत्त्व ई भरपूर असते. उन्हात वाळलेल्या आणि महिनोन्महिने रचून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यात ते जवळजवळ उरत नाही. पनवेल, उरण, पेण भागात दिवाळीनंतर बहुतेक जनावरे पेंढ्यावरच जगतात. उन्हाळ्यात विणाऱ्या म्हशीला याचा फटका बसतो. पेंड आणि कोंडा दिल्याने दूध भरते, पण ही उणीव भरून निघत नाही.

भाताच्या कापणीनंतर जमिनीत जी ओल असते तीवर वालाबरोबर चवळी चाऱ्यासाठी पेरावी. वालाच्या शेंगा पोपटीच्या मडक्यात गेल्या तरी हिरवे वेल गोठ्यात आले पाहिजेत. विहिरीचे गोडे पाणी असेल तेथे दोन-तीन गुंठ्यांत संकरित नेपियर, उदाहरणार्थ फुले जयवंत, लावल्यास वर्षभर कापण्या मिळतात. खाडीकाठच्या चिबड, मध्यम खारवट जागेत नेपियर तग धरत नाही. तेथे पॅरा गवताच्या कांड्या पावसाळ्याच्या सुरुवातीस लावाव्यात. हे गवत साचलेले पाणी आणि थोडा खार दोन्ही सहन करते.

पेंढा टाकून देण्याचे कारण नाही. त्याची कुट्टी करून हिरव्या चाऱ्यात मिसळून द्यावी आणि हिरव्याचे प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवावे, म्हणजे पोट बिघडत नाही. हिरवा चारा थोडाच असेल तर तो सर्व जनावरांना मूठ-मूठ वाटण्यापेक्षा विण्यास दोन महिने उरलेल्या जनावराला आधी द्यावा. तोही नसेल तर आटवलेल्या संकरित गाईला दिवसाला साधारण १,००० युनिट जीवनसत्त्व ई देण्याची शिफारस आहे. सेलेनियम मात्र स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. त्याची गरज अत्यल्प असते आणि थोडे जास्त झाले तरी ते विष ठरते. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर त्याचे प्रमाण छापलेले असते, ते पशुवैद्यकांना दाखवून मगच इंजेक्शनचा विचार करावा.